इस्माईल मिस्त्रीची उलटी गाडी

प्रिय इस्माईल,

मी, वामन सखाराम उंबरकर, बी.कॉम., वय वर्षे त्रेपन्न, वाशीम येथील एका जिनिंग कारखान्याचा व्यवस्थापक, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही आग्रहावाचून हे पत्र तुला लिहीत आहे. उद्देश एकच आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी सिनेमाच्या तंबूत, भरल्या सभेत, मी उभा राहून तुझे एक विधान अशक्य ठरवले होते. तू बरोबर होतास. मी चुकलो होतो. माझे ते शब्द मी याद्वारे परत घेतो.

हसलास ना? "वामन्या, मेलेल्या मानसाले कोनी अर्ज लिहिते का बे?" असेच म्हणाला असतास. पण माझ्यासारख्या माणसाची चूक तोंडी दुरुस्त होत नाही, ती लेखीच व्हावी लागते. शिवाय हे पत्र उद्या मी मोठ्याने वाचणार आहे. कुठे, ते शेवटी सांगतो. ऐकणाऱ्यांत तुला न पाहिलेली माणसेही असतील. म्हणून तुला पाठ असलेल्या गोष्टीसुद्धा मी पहिल्यापासून लिहितो. कंटाळू नकोस.

तू आणि मी शाळेत एका पाटावर बसत होतो. चौथीनंतर तू वडिलांच्या लोहारकामाच्या भात्यापाशी बसलास आणि मी पुढे शिकत शिकत मुंबईला गेलो. मी पदवी घेऊन वाशीमला परतलो, त्यानंतर काही वर्षांनी तू पहिल्या लढाईवरून परतलास. मी आणली होती एक पदवी आणि बद्धकोष्ठता. तू आणलास एक खाकी सदरा, एक विलायती पाना आणि बसऱ्यापासून इराणच्या डोंगरांपर्यंत फौजेच्या मोटारी हाकल्याच्या गोष्टी. आपल्या दोघांच्या सामानांत लोकांना कोणते अधिक आवडले, हे वेगळे सांगायला नको!

पुढे कारखान्यात मी कचेरीत आणि तू इंजिनावर. मजुरांसमोर तू मला "साहेब" म्हणायचास आणि दार लोटले की "वामन्या". पंचवीस वर्षांत तुझ्या तोंडून एकदाही अदलाबदल झाली नाही. इतका काटेकोर माणूस तू, आणि काटेकोर म्हणून नाव मात्र माझे झाले. हा अन्याय कोणी केला रे?

आता त्या तंबूविषयी.

दोन वर्षांपूर्वी तळ्याकाठच्या मैदानात फिरत्या सिनेमाचा तंबू पडला, तेव्हा मालकांनी पहिल्या लढाईवरचा एक विलायती बोलपट आणला होता. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिण्याइतकी त्याची योग्यता नाही. बोलपट सगळा इंग्रजी. मालक प्रथम माझ्याकडे आले आणि म्हणाले की पडद्याशेजारी छडी घेऊन उभे राहा आणि काय चालले आहे ते लोकांना सांगा. मी म्हणालो, "मला इंग्रजी समजते, पण लढाई समजत नाही. लढाई आमच्या इस्माईल मिस्त्रीला समजते. त्याला इंग्रजी येत नाही."

मालक म्हणाले, "साहेब, लोकायले लढाई पाह्यजे. इंग्रजी कोनाले पाह्यजे?"

अशा रीतीने तुझ्या हाती छडी आली. मालकांची अपेक्षा अशी होती की तू गोष्ट सांगशील : हा नायक, ही त्याची प्रिया, हा दुष्ट सेनापती. तू पहिली पाच मिनिटे ती सांगितलीसही. मग पडद्यावर नायकाने बंदूक उचलली आणि तुझी छडी पडद्यावर खाडकन आपटली.

"थांबा!"

यंत्र चालवणाऱ्याने घाबरून खरोखरच यंत्र थांबवले. तू लोकांकडे वळलास. "मोजल्या का? ह्या गड्यानं सतरा गोळ्या मारल्या. त्या बंदुकीत दहा मावतेत. बाकीच्या सात काय याच्या मामानं आनून देल्या?"

तंबू कोसळतो की काय असा हशा उसळला. मी मात्र हसलो नाही, कारण मीही मोजत होतो. सतराच होत्या. त्या क्षणी मी खिशातून पेन्सिल काढली आणि जवळच्या वहीत लिहिले : चूक क्रमांक एक.

मग तू सुटलासच! पडद्यावर रणगाडा आला. "थांबा! आमी होतो तिकडं असला एकबी रणगाडा नव्हता. अन् हा पाहा, वाऱ्यानं हालून राह्यला! पत्रा हाये पत्रा! आपल्या जिनिंगवरचा पत्रा याच्याहून जाड हाये." विमान आले. "थांबा! तवाच्या इमानाले दोन मजली पंख राहेत. हे एकमजली कोठून आनलं?" (सर्वच विमाने दुमजली नव्हती, असे मी नंतर तुला दाखवून दिले आणि तू "बहुतेक" हा शब्द घालायला कबूल झालास. ती दुरुस्ती वहीत आहे.) जड लॉऱ्या आल्या, तर त्यांच्या चाकांत हवा भरलेली. "आमच्या लॉरीचे टायर भरीव रबराचे होते भाऊ! अशी हवा तिच्यात असती तं माह्या कंबरेत आजबी जीव असता."

आणि ती मशीनगन! ती पडद्यावर दहा मिनिटे अखंड चालली, तेव्हा तू फार शांतपणे छडी टेकलीस. म्हणालास, "ही गन पानी पेते. नळीभोवती पानी भरा लागते. पाच मिनिटं चालली का किटलीवानी वाफ सोडते. आमच्या लोकायनं कधी कधी आपलं प्यायचं पानी तिले देलं."

मागून केनवडचा कोणी शेतकरी म्हणाला, "मंग तुमी काय पेलं गा?"

"तेच! गरम झालंच होतं, त्यात चहाची पत्ती टाकली."

खेळ संपल्यावर मालक तुझ्यावर धावून आले. "मिस्त्री, दीड तासाचा सिनेमा तीन तास चालला! त्यात एक हिरोईनबी हाये. तिच्याबद्दल एक शब्द नाही सांगितला तुमी!"

तू नम्रपणे म्हणालास, "शेटजी, तिची काही चूक नाही. तिच्या हातात बंदूकच नव्हती."

दुसऱ्या दिवशी मालक तुला काढणारच होते. पण दुपारपासूनच इंझोरीकडच्या बैलगाड्या मैदानात सुटू लागल्या, जऊळक्याहून आगगाडीने माणसे उतरली आणि येणारा प्रत्येक जण तिकिटाच्या खिडकीशी एकच प्रश्न विचारू लागला, "मिस्त्री हायेत ना?" तिसऱ्या दिवशी गावात दवंडी फिरली, तिचे शब्द मला पाठ आहेत : "लढाईचा सिनेमा, चुकांसहित हो!" इस्माईल, मी व्यापाराचे शिक्षण घेतलेला मनुष्य आहे. मालाचे दोष ओरडून माल खपवल्याचे उदाहरण मी त्यापूर्वी पाहिले नव्हते, पुस्तकातही वाचले नव्हते.

हमीदाभाभींचे प्रकरण तर मी कोणालाही सांगतो. बायकांची बसायची जागा पडद्याच्या मागे होती, हे तुला आणि मला दोघांनाही सुचले नाही. खेळ पाहून घरी आल्यावर भाभी तुला म्हणाल्या, "बाकी सारं ठीक हाये जी, पन तुमची पलटन सारीच डावखुरी कायले?" तू दुसऱ्या दिवशी सकाळी धावत कचेरीत आलास. दार लोटून घेतलेस आणि मोठ्या आनंदाने म्हणालास, "वामन्या, लेक्का, एवढी मोठी चूक आपल्याले दिसलीच नाही! बंदुकीत गोळी सरकवाचा खटका डाव्या अंगाले हाये म्हन्ते हमीदा!" मी ती वहीत चढवली. आपण दोघे त्या संध्याकाळी डोळे फाडफाडून पाहत बसलो, आणि खटका उजव्या अंगालाच! शेवटी मी उठून पडद्यामागे गेलो, तेव्हा उलगडा झाला. पडद्यामागून सगळे जगच आरशातल्यासारखे उलटे दिसत होते. ती एक नोंद मी खोडली. वहीतली तेवढीच एक खोडलेली नोंद. तिच्या खाली मी लिहिले आहे, "चूक चित्रपटाची नसून बसण्याच्या जागेची."

हे वाक्य लिहिताना मला मोठे शहाणपण सुचल्यासारखे वाटले होते. ते माझ्याच अंगावर येईल, हे कळले नव्हते.

कारण पहिले तीन दिवस तू जाऊ दिलेला क्रमांक तेवीस चौथ्या दिवशी आला.

पडद्यावर एक हलकी फौजी मोटार डोंगराचा खडा चढ चढत होती. चालवणारा नायक पाय दाबत होता आणि गाडी सरळ वर निघाली होती. तू छडी आपटलीस. "थांबा! लढाईत ही गाडी नव्हतीच! ही मागून निघाली. आमच्या गाडीचं तेल पायानं नाही, हातानं वाढवा लागे. अन् असल्या चढावर टाकीत तेल कमी असलं तं ती सरळ चढेच ना. आमी ती उलटी नेत होतो. पाठ पुढं करून, चढाच्या टोकापर्यंत!"

"उलटी?" कोणी तरी ओरडले. "मंग मिस्त्री, तुमी बसऱ्याहून वाशीमलेबी उलटेच आले का?"

सगळा तंबू खिदळला. तूही हसलास. पण हसू ओसरल्यावरही लोक तुझ्याकडे तसेच पाहत राहिले, कारण सतरा गोळ्या त्यांनी मोजल्या होत्या, पत्रा हलताना पाहिला होता, ही गोष्ट मात्र त्यांना पाहता येत नव्हती. तेव्हा तू माझ्याकडे छडी केलीस. "हे उंबरकरसाहेब बसले. ते खोटं बोलत नाहीत. साहेब, सांगा तुमी यायले."

मी उभा राहिलो. इस्माईल, त्या क्षणी मी "मला ठाऊक नाही" एवढेच म्हटले असते, तरी ते पूर्ण सत्य ठरले असते. मी आयुष्यात मोटार चालवली नव्हती. पण मी मोटारींविषयी एक पुस्तक वाचले होते! म्हणून मी चष्मा नीट करून, स्पष्ट आवाजात म्हणालो, "पुढे चालण्यासाठी केलेले यंत्र मागे जास्त चांगले चालेल, हे मला शक्य वाटत नाही. आणि तेल वाढवण्याची कळ पायाशीच असते."

खाली बसून मी वहीत लिहिले : क्रमांक तेवीस. आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.

त्या दिवसापासून तू "उलटे मिस्त्री" झालास. लोक प्रेमानेच म्हणत. तू "ओ" देत होतास. तंबू उठेपर्यंत तू रोज छडी घेतलीस, तितक्याच थाटात बाकीच्या एकोणचाळीस चुका दाखवल्यास. पण तो चढ आला, ती मोटार आली, की तुझी छडी जमिनीला टेकायची आणि ते दृश्य संपेपर्यंत तू पडद्याकडे पाहतही नव्हतास. मी ते मौन तुझी कबुली समजलो. मनातल्या मनात मी तुझ्या समजूतदारपणाचे कौतुकही केले! केवढा मी थोर!

गेल्या चैत्रात तू गेलास. तुला निरोप द्यायला आलेल्यांतला एक जण डोळे पुसत म्हणाला, "उलटे मिस्त्री गेले बाप्पा." पाना धरून ज्याने गावातली प्रत्येक मोटार, प्रत्येक पंप चालता ठेवला, त्याच्यामागे उरले ते हे नाव. ते नाव डोळे पुसणाऱ्या त्या माणसाने दिलेले नव्हते. ते मी दिलेले होते.

आणि आता मंगळवारची गोष्ट.

संक्रांत होऊन एकच दिवस झाला होता. कारखान्याचा एक जड सुटा भाग आगगाडीवाल्यांनी वाशीमऐवजी जऊळका स्टेशनावर उतरवला होता आणि तो तातडीने आणायचा होता. कारखान्याच्या मालकांची नवी मोटार बाहेरगावी गेलेली. म्हणून छपरीत पडून असलेली ती जुनी अमेरिकन मोटार काढली. तूच जिची निगा राखायचास, तीच. चालवायला शेख चाँद, तू हाताखाली घेऊन तयार केलेला. आता चाळिशीचा झाला आहे, पण अजून गाडी सुरू करण्यापूर्वी तुझ्यासारखाच तिच्या टपावर थाप मारतो. मागच्या जागेत तो लोखंडी भाग ठेवला, म्हणून जन्मात प्रथमच मी त्या गाडीत पुढे बसलो. आजवर मी मागेच बसत आलो होतो. लक्षात येते का? बसण्याची जागा!

परतताना वाटेतल्या नाल्यात आम्ही उतरलो आणि पलीकडचा चढ चढू लागलो. निम्म्यावर इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले. गाडी हळूच घसरत पुन्हा नाल्याच्या वाळूत आली.

चाँद म्हणाला, "साहेब, जरा उठा."

"का?"

"तुमी टाकीवर बसले हायेत."

पेट्रोलची टाकी माझ्या आसनाखाली होती! चाँदने गादी उचलली, काडी बुडवून पाहिली. "तीन बोटं हाये."

"मग तेल असून गाडी थांबली का?"

"तेल हाये साहेब, पन ते इंजिनापर्यंत जात नाही. ह्या गाडीत तेल आपल्या वजनानं वाहते, रांजनाच्या तोटीवानी. चढावर इंजिन गेलं वर अन् टाकी राह्यली खाली. पानी वर चढते का कधी?"

मी टाकीकडे पाहिले, मग चढाकडे. "मग आता काय करायचे?"

चाँद घुटमळला. त्याने टोपी काढली, घातली. मग जमिनीकडे पाहत, फार अदबीने म्हणाला, "साहेब, तुमी वरपर्यंत पायी येता का? म्हंजे... मी तंबूत होतो तवा. तुमाले शक्य वाटत नाही ना, म्हून इचारलं."

इस्माईल! कोणीही मला इतकी मऊ चपराक आजवर मारली नव्हती. मी म्हणालो, "मी गाडीतच बसेन. पुढे."

त्याने वाळूत गाडी फिरवली. पाठ चढाकडे, तोंड नाल्याकडे. मी खाली वाकून पाहिले. पायाशी तीन दांड्या होत्या. तेल वाढवायची त्यांत एकही नव्हती. ती कळ गाडी वळवायच्या चक्राखाली, त्याच्या उजव्या हाताशी होती. त्याने मागे जाण्याची मधली दांडी दाबली, हाताने कळ ओढली, आणि ती म्हातारी गाडी, जी सरळ तोंडाने निम्म्यावर दम तोडून बसली होती, ती पाठमोरी होऊन घरघरत, थरथरत, न थांबता वर चढू लागली.

मी समोर पाहत होतो आणि समोरचे सगळे माझ्यापासून खाली खाली जात होते. नाला, वाळूतले आमच्या चाकांचे फेरे, पाण्यात बसलेली एक म्हैस, पलीकडची बाभूळ. वर कोठे चाललो आहोत ते दिसत नव्हते. जे मागे पडले तेच तेवढे डोळ्यांपुढे होते. चढाच्या टोकावर बैलगाडी उभी करून एक शेतकरी आमची वाट पाहत होता. तो ओरडला, "काहून गा, वावरात काही इसरले का?"

मग मी हसलो. मी किती हसलो, हे तुला कसे सांगू! पोट धरून, चष्म्यावर पाणी येईपर्यंत, कारखान्याच्या व्यवस्थापकाला न शोभेल असे. माझी टोपी उडून नाल्यात गेली. चाँद घाबरून म्हणाला, "साहेब, टोपी! थांबू का?"

मी ओरडलो, "थांबू नको! जाऊ दे टोपी! चढव!"

वर पोहोचल्यावर मी खाली उतरलो आणि कितीतरी वेळ त्या गाडीकडे पाहत उभा राहिलो. तेव्हा मला माझी चूक नीट कळली. चित्रपटवाल्यांनी नवी गाडी जुन्या लढाईत घातली होती. मी नवे पुस्तक जुन्या गाडीला लावले होते. ज्या चुकीसाठी आपण त्यांना चार दिवस हसत होतो, तीच चूक मी केली होती, तीही उभा राहून, चष्मा नीट करून!

मी घरी न जाता गाडी थेट तुझ्या दारी न्यायला सांगितली. खिशात आदल्या दिवशीचा थोडा तिळगूळ होता. तो हमीदाभाभींच्या हातावर ठेवला आणि सगळे सांगितले. मला वाटले होते, त्या रडतील, निदान रागावतील. भाभींनी तिळगूळ तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, "बसले का मंग शेवटी?"

"म्हणजे?"

"मी त्यायले तवाच म्हनलं होतं, तशीच गाडी तुमच्या हाताशी हाये, काढा अन् दाखवून द्या साऱ्यायले. तं म्हने, टाकी भरलेली हाये तोपर्यंत ती सरळच चढन. अन् वामन्याले सांगून पटत नाही हमीदा, बसवून पटते. तेल कमी होऊ दे."

तेल कमी होऊ दे! पेट्रोल आणखी मोजून मिळू लागले, टाकी रिकामी होत गेली, आणि तू मात्र त्याआधीच निघून गेलास. मित्रा, माझी तुझ्यावर एक तक्रार आहे. इतका धीर कशाला धरलास? टाकीतले तेल काढून टाकायला तुला कोणाची परवानगी हवी होती? एकदा, फक्त एकदा, दार लोटून घेऊन "वामन्या, गाढवा, चल बस" म्हणाला असतास, तर तो चढ मी तुझ्या शेजारी बसून चढलो असतो.

भाभींनी आणखी एक सांगितले. इराणातल्या त्या घाटात तुझ्या गाडीत चार जखमी होते. टाकीत असेच दोनतीन बोटे तेल. तू त्यांना उलट्या गाडीने वर नेलेस आणि चौघेही जगले. हे तू मला कधीही सांगितले नाहीस. तंबूत सांगितले असतेस, तर एकही माणूस हसला नसता. भाभींना विचारले, तर म्हणाल्या, "ते म्हनत, गाडीची गोष्ट गाडीनं खरी व्हावं. जखमी मानसायची साक्ष काढून कायले खरी करा लागते?"

आता, मी हे आजच का लिहीत आहे ते. मैदानात पुन्हा तंबू पडला आहे. तेच मालक, तोच बोलपट. काल ते कचेरीत आले, टोपी काढून बसले आणि म्हणाले, "मिस्त्री गेले. आता चुका कोन सांगन, साहेब? चुका नसल्या तं हा सिनेमा कोन पाहीन?"

मी म्हणालो, "मी सांगेन."

"पन तुमाले लढाई माहीत नाही, असं तुमीच म्हनले होते."

"आजही माहीत नाही. पण ज्याला माहीत होती, त्याचे सगळे मी लिहून घेतले आहे."

वही पुढ्यात आहे. क्रमांक तेवीसपुढचे प्रश्नचिन्ह मी आज सकाळी खरवडून काढले. कागद तेवढा विरला आहे, त्याला इलाज नाही. आणि शेवटी एक नवी नोंद केली आहे : "क्रमांक एकेचाळीस. वामन सखाराम उंबरकर यांनी मोटार न पाहता मोटारीविषयी मत दिले." चित्रपटाच्या चाळीस चुकांच्या रांगेत ती शोभून दिसते आहे.

तर हे माझे वचन. उद्या दिवेलागणीच्या आधी ती जुनी मोटार, टाकीत तीन बोटे तेल घेऊन, तळ्याच्या पाळीवर जाणाऱ्या चढाखाली उभी असेल. सगळ्या वाशीमदेखत चाँद ती आधी सरळ नेऊन दाखवील आणि ती थांबेल. मग तिची पाठ चढाकडे वळवली जाईल. पहिली फेरी हमीदाभाभींची, पुढच्या आसनावर. दुसरी, ज्याने बसऱ्याचा विनोद केला त्याची. तो इंझोरीचा आहे, मी निरोप पाठवला आहे. त्यानंतर ज्याला शंका असेल तो बसेल. मग तंबूत जाऊन, यंत्र सुरू होण्यापूर्वी, मी हे पत्र वाचीन. मालक कुरकुरतील. कुरकुरू देत.

आणि तो चढ पडद्यावर आला, की मी छडी जमिनीला टेकणार नाही. माझा आवाज तुझ्यासारखा नाही, पण अंगात असेल नसेल तेवढा सगळा लावून मी ओरडेन : "थांबा!"

तुझा,
वामन्या

(कामगारांसमोर : वा. स. उंबरकर, बी.कॉम.)
वाशीम,
दिनांक १८ जानेवारी १९४६